डेटाबेसची जोडणी तपासण्याचे काम एआय एजंटकडे द्यावे का?

रात्रपाळी:
नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआय मॉडेलला बाहेरच्या साधनांशी (टूल्सशी) जोडणारे एमसीपी हे मानक, जाहीर झाल्यापासून डेटाबेसशी बोलणारे बरेच एमसीपी सर्व्हर तयार झाले आहेत आणि त्यांपैकी काहींत ‘जोडणी तपासा’ असे स्वतंत्र टूल असते. हे काम एजंटकडेच, म्हणजे स्वतः टूल चालवणाऱ्या एआयकडेच असावे, असे माझे मत आहे. जोडणी बिघडली की आपण काय पाहतो, तर होस्टच्या नावाचा आयपी मिळतो का, पोर्ट उघडे आहे का, लॉगिन होते का, त्या नावाचा डेटाबेस आहे का. हा क्रम ठरलेला आहे. शेवटच्या टप्प्यांना तर पोस्टग्रेस हा डेटाबेस वेगवेगळे कोड देतो: पासवर्ड चुकला की २८पी०१, डेटाबेस नसला की ३डी०००, जोडण्यांची मर्यादा भरली की ५३३००. एजंट हे कोड न कंटाळता वाचतो. मध्यरात्री उठवलेला माणूस तिकिटात ‘कनेक्ट होत नाही’ एवढेच लिहून मोकळा होतो.

संशयात्मा:
असहमत. चाचणी कोठून झाली, हे आपण विचारातच घेतलेले नाही. एमसीपी सर्व्हर पुष्कळदा डेव्हलपरच्या लॅपटॉपवर चालतो आणि अ‍ॅप्लिकेशन कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःचे नेटवर्क असलेल्या वेगळ्या चौकटीत; मग एजंटने लॅपटॉपपासून डेटाबेसपर्यंतची वाट तपासली, अ‍ॅप्लिकेशनची वाट तपासलीच नाही. कंटेनरमधून ‘लोकलहोस्ट’ म्हटले की तो कंटेनर स्वतःलाच हाक मारतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा नेहमीचा क्लायंट तर लिनक्सवर ‘लोकलहोस्ट’ दिसताच सॉकेट फाइलने जोडला जातो आणि १२७.०.०.१ दिसल्यास टीसीपीने, त्यामुळे एक चालले म्हणून दुसरे चालेलच असे नाही. माणसाला निदान हे आठवण्याची तरी शक्यता असते. एजंट मात्र ‘यशस्वी’ हा शब्द वाचून दोष कोडमध्येच आहे असे धरतो आणि धडधाकट कोड दुरुस्त करायला घेतो.

रात्रपाळी:
हा दोष टूल कोठे बसवले याचा झाला, टूलचा नव्हे. लॅपटॉपवरून पीएसक्यूएल हा पोस्टग्रेसचा क्लायंट चालवणारा माणूसही हीच चूक करतो.

कळफलक:
दोघांनीही ‘चाचणी’ म्हणजे काय हे गृहीतच धरले आहे. पोस्टग्रेसबरोबर येणारी पीजी_इझरेडी ही आज्ञा सर्व्हर जोडण्या स्वीकारतो आहे का एवढेच सांगते; तिला चुकीचा पासवर्ड दिला तरी ती ० हाच कोड परत करते. ‘सिलेक्ट १’ ही सर्वात साधी क्वेरी त्याच्या एक पायरी पुढे जाते, कारण त्यासाठी लॉगिन व्हावे लागते. पण एकाही टेबलवर अधिकार नसलेला यूजरही ते चालवू शकतो आणि ४२५०१ हा नकार खरी क्वेरी गेल्यावरच मिळतो. शिवाय ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ हे त्यातल्या त्यात बरे उत्तर आहे, कारण बहुतेक वेळा मशीन सापडले आणि पोर्टवर कोणी ऐकत नाही, असा त्याचा अर्थ होतो. फायरवॉल पॅकेट गिळून टाकते तेव्हा काहीच उत्तर येत नाही, आणि कनेक्ट_टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मुदत, दिला नसेल तर लिबपीक्यू ही पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी स्वतःहून थांबत नाही. एजंट मग ताटकळतो किंवा तीच चाचणी पुन्हा पुन्हा सुरू करतो. टूल जोडण्या नीट बंद करत नसेल, तर पोस्टग्रेसची एका वेळच्या जोडण्यांची मूळ मर्यादा १०० आहे, हे लक्षात असू द्यावे.

फाटकवाला:
माझा आक्षेप पासवर्डला आहे. ज्या टूलला पूर्ण कनेक्शन स्ट्रिंग, म्हणजे होस्ट, यूजर आणि पासवर्ड असलेली ओळ, द्यावी लागते, ते पासवर्ड मॉडेलच्या संभाषणात आणि तेथून लॉगमध्ये नेते. एजंटने ‘स्टेजिंग’ (चाचणीची प्रणाली) एवढे नाव द्यावे आणि बाकी सारे सर्व्हरजवळ राहावे. दुसरे असे, की चाचणीच्या टूलशेजारी सहसा क्वेरीचे टूलही असते, आणि ‘आम्ही रीड-ओन्ली ट्रान्झॅक्शनमध्येच (फक्त वाचू देणाऱ्या व्यवहारातच) चालवतो’ या हमीवर विसंबू नये. एकाच हाकेत अनेक विधाने जात असतील, तर पहिले ‘कमिट’ ते ट्रान्झॅक्शन संपवून ती चौकट मोडते आणि टेबल काढून टाकणारे पुढचे ‘ड्रॉप’ मोकळे सुटते. एमसीपीमधली ‘रीड-ओन्ली’ ही खूण केवळ सूचना आहे, बंधन नव्हे. फक्त ‘सिलेक्ट’चा, म्हणजे वाचण्याचा, अधिकार असलेला वेगळा रोल (डेटाबेसमधले खाते), हाच खरा अडसर.

संशयात्मा:
आणि तो रोल दिला की चाचणी अ‍ॅप्लिकेशनच्या रोलची राहत नाही. वाट वेगळी, रोलही वेगळा. मग ‘यशस्वी’ म्हणजे नेमके काय सिद्ध झाले?

रात्रपाळी:
हे मान्य केलेच पाहिजे, आणि म्हणून त्या टूलने ‘यशस्वी’ हा शब्दच देऊ नये. त्याने करंट_यूजर, करंट_डेटाबेस, आयनेट_सर्व्हर_अ‍ॅडर आणि पीजी_इज_इन_रिकव्हरी या पोस्टग्रेसमधल्या फंक्शनांची उत्तरे जशीच्या तशी परत करावीत; कोण, कोठे आणि प्रायमरीवर (मुख्य सर्व्हरवर) की रेप्लिकावर (त्याच्या प्रतीवर), हे एकाच क्वेरीत कळते, आणि निष्कर्ष काढण्याआधी एजंटला अ‍ॅप्लिकेशनच्या कॉन्फिगशी ताडून पाहता येते.

संशयात्मा:
एवढे छापणारे टूल मी स्टेजिंगवर चालवू देईन. प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या प्रणालीवर, अजूनही नाही. आयनेट_सर्व्हर_अ‍ॅडर रिकामे आले तर जोडणी युनिक्स सॉकेटवरून झालेली असते, ती गोष्टही त्या टूलच्या वर्णनात लिहून ठेवावी, नाहीतर एजंट त्यालाच बिघाड समजेल.