भारत–नेपाळ व्यापार: तूट नेपाळच्या माथी, तरी सोयाबीन तेल तिकडून कसे येते?

शिवार_लातूर (प्रश्न):
नमस्कार. आमच्या घरी सोयाबीन होते, त्यामुळे तेलाच्या आयातीवर लक्ष असते. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर आणि शुद्ध तेलावरील १३.७५ वरून ३५.७५ टक्क्यांवर नेले, तेव्हा आमच्या भागात भाव सुधारण्याची आशा होती. प्रत्यक्षात त्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना आडतीवरचा भाव बरेच दिवस त्याखालीच राहिला. त्याची कारणे अनेक असतील, पण नेपाळमधून येणाऱ्या शुल्कमुक्त शुद्ध तेलाचा उल्लेख तेव्हापासून वारंवार होतो. माझे दोन प्रश्न आहेत. नेपाळमध्ये सोयाबीन नगण्य पिकते, मग त्याचे तेल आपल्याकडे कोणत्या आधारावर येते? आणि भारताशी व्यापारात इतकी मोठी तूट असलेला देश ती वर्षानुवर्षे कशी भागवतो?

सीमाशुल्क_वाचक:
पहिल्या प्रश्नाचे उत्तर भारत–नेपाळ व्यापार करारातील मूळ देशाच्या नियमांत, म्हणजे माल कोणत्या देशात तयार झाला असे धरायचे हे ठरवणाऱ्या नियमांत, आहे. नेपाळमध्ये तयार झालेल्या बहुतेक औद्योगिक मालाला भारत सीमाशुल्काविना प्रवेश देतो आणि त्या बदल्यात नेपाळकडून तशीच सवलत मागत नाही. भूवेष्टित शेजाऱ्याला उद्योग उभारता यावेत हा त्यामागचा विचार असून तो मला आजही योग्य वाटतो. मात्र तिसऱ्या देशातील कच्चा माल वापरला असेल, तर त्याचे मूल्य कारखान्यातील किमतीच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, म्हणजे किमान ३० टक्के मूल्यवर्धन नेपाळमध्ये व्हावे, अशी अट आहे. शिवाय तयार माल सीमाशुल्क वर्गीकरणाच्या वेगळ्या चार अंकी शीर्षकात जावा, असाही सर्वसाधारण नियम आहे.

तेलाच्या बाबतीत अडचण इथेच येते. कच्चे आणि शुद्ध, दोन्ही सोयाबीन तेले १५०७ या एकाच शीर्षकाखाली मोडतात, त्यामुळे केवळ शुद्धीकरणाने शीर्षक बदलत नाही आणि सारा भार मूल्यवर्धन व ‘पुरेशी प्रक्रिया’ या दोन कसोट्यांवर येतो. आता मालाचा प्रवास पाहा. अर्जेंटिनासारख्या देशातून निघालेले कच्चे तेल कोलकाता–हल्दिया बंदरांवर उतरते, पारगमन कराराखाली भारताची भूमी ओलांडून वीरगंज किंवा विराटनगर परिसरातील रिफायनऱ्यांत पोहोचते आणि शुद्ध होऊन त्याच सीमेवरून भारतात परत येते. भारतीय रिफायनरीला तेच कच्चे तेल २७.५ टक्के शुल्क भरून घ्यावे लागत असेल, तर हा लांबचा फेरा घालूनही पैसे सुटतात. म्हणून भारताने शुल्क वाढवले की नेपाळची तेल निर्यात वाढते आणि शुल्क उतरले की तिची ओढ कमी होते.

हे नवीन नाही. २००२ मध्ये कराराचे नूतनीकरण झाले तेव्हा वनस्पती तुपासाठी वर्षाला १ लाख टनांची मर्यादा घालावी लागली होती, आणि ॲक्रिलिक धागा, तांब्याच्या वस्तू व झिंक ऑक्साइड यांनाही कोटा लागू झाला होता. पुढे जानेवारी २०२० मध्ये शुद्ध पामतेलाची आयात भारताने ‘मुक्त’ गटातून काढून ‘निर्बंधित’ गटात टाकली.

गंगाजळी:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. दोन देशांमधील व्यापार बरोबरीचा असलाच पाहिजे, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. कोणत्याही देशाने हिशेब जुळवायचा असतो तो साऱ्या जगाशी मिळून. भारतातून पेट्रोल-डिझेल (२०१९ पासून मोतीहारी–अमलेखगंज वाहिनीतूनही), पोलाद, वाहने, औषधे आणि तांदूळ जातात, तर तिकडून वेलची, आले, चहा, ज्यूटच्या वस्तू, प्लायवूड आणि आता तेल येते. त्यातली तूट नेपाळ मुख्यतः आखाती देश, मलेशिया वगैरे ठिकाणी कष्ट करणाऱ्या आपल्या नागरिकांनी धाडलेल्या पैशातून भागवतो, आणि हा पैसा त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास चौथ्या हिश्शाइतका आहे.

नेपाळी रुपया १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० या दराने बांधलेला आहे, आणि तो दर टिकवण्यासाठी नेपाळ राष्ट्र बँक आपल्याकडील डॉलर विकून भारतीय रुपये विकत घेते. म्हणजे दोहा किंवा क्वालालंपूरमधल्या मजुराची कमाई शेवटी भारतीय तेल कंपनीचे बिल भागवते. मात्र हा पैसा सेवांच्या निर्यातीत धरला जात नाही. स्थायिक कामगाराने घरी पाठवलेली रक्कम हस्तांतरण म्हणून वेगळी नोंदवली जाते. सेवा-व्यापारात येतो तो पोखऱ्याला गेलेल्या भारतीय पर्यटकाचा खर्च, किंवा भारतात शिकणाऱ्या नेपाळी विद्यार्थ्याचे शुल्क.

विजेचाही उल्लेख करायला हवा. नोव्हेंबर २०२१ पासून नेपाळ भारताच्या ऊर्जा बाजारात वीज विकतो आणि जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉटपर्यंत खरेदीचा करार झाला. पावसाळ्यात विक्री आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की खरेदी, असे हे चक्र आहे. तेलापेक्षा हा व्यापार कितीतरी सकस आहे, कारण पाणी आणि मेहनत खरोखर नेपाळची आहे.

कालिमाटी_निरीक्षक:
आकडे पडताळताना एक सावधगिरी बाळगावी. नेपाळचे आर्थिक वर्ष साधारण जुलैच्या मध्याला सुरू होते, आपले एप्रिलमध्ये, त्यामुळे दोन्ही बाजूंचे आकडे थेट जुळत नाहीत. खुल्या सीमेवरून सायकलवर होणारी ने-आण तर कुठेच नोंदली जात नाही. आणि परिणाम दोन्हीकडे होतात: डिसेंबर २०२३ मध्ये भारताने कांदा निर्यात बंद केली, तेव्हा नाशिकचा शेतकरी आणि काठमांडूचा गिऱ्हाईक एकाच निर्णयाने अडचणीत आले.

शिवार_लातूर:
सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. मग शेतकरी संघटनांनी नेमकी मागणी कोणती करावी? नेपाळचा सगळा माल अडवा, असे म्हणणे मला पटत नाही.

सीमाशुल्क_वाचक:
तशी मागणी करूही नये, कारण त्यात पूर्व नेपाळमधल्या इलामच्या चहा-वेलचीवाल्याचे नाहक नुकसान होईल. सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या सीमाशुल्क नियमांनुसार सवलत घेणाऱ्या भारतीय आयातदाराला मूळ देशाची माहिती स्वतःजवळ ठेवावी लागते, नुसते प्रमाणपत्र पुरत नाही. तेलाच्या प्रत्येक खेपेत ३० टक्के मूल्यवर्धन कसे झाले याचा हिशेब याच नियमाखाली मागता येतो, आणि तो मागितला जावा हीच मागणी रास्त आहे. वनस्पती तुपासारखा वार्षिक कोटा हा दुसरा मार्ग, पण तो दोन्ही सरकारांच्या संमतीनेच ठरावा. मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरील शुल्क १६.५ टक्क्यांवर आले. त्याने या फेऱ्यातील नफा घटतो हे खरे, पण समुद्रमार्गे येणारे कच्चे तेल स्वस्त होते आणि त्याची झळ पुन्हा तुमच्याच सोयाबीनला बसते. म्हणून शुल्क खाली आणण्यापेक्षा मूळ देशाची तपासणी कडक करणे शेतकऱ्याच्या अधिक हिताचे आहे, असे माझे मत आहे.