प्रतिसाद: ७१ टक्के केलं की क्षेत्रफळ निम्मं होतं
वर कोणीतरी म्हटलंय की झेरॉक्स ७१ टक्क्यांवर काढली तर आकृतीचं क्षेत्रफळही ७१ टक्केच राहणार. नाही हो, ७१ टक्के फक्त लांबीला, क्षेत्रफळाला तोच आकडा दोनदा लागतो, ०.७१ × ०.७१ म्हणजे साधारण ०.५०, म्हणून तर ए३ चा मजकूर ए४ वर बरोब्बर बसतो. कोन तेवढे जसेच्या तसे.

आणि ट्रेकवाल्यांसाठी एक, जे इथे अजून कोणी लिहिलं नाहीये. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या टोपोशीटवर (डोंगर, नद्या, वाटा दाखवणाऱ्या सविस्तर नकाशावर) २ सेंमी म्हणजे १ किमी. तिची ७१ टक्क्यांवर झेरॉक्स काढली की तोच १ किमी १.४२ सेंमीत येतो, पण कागदावर छापलेलं १:५०,००० काही बदलत नाही, मग पट्टी लावून अंतर काढणाऱ्याला ५ किमीची चाल साडेतीनची वाटते आणि पाणी कमी पडलं की बोंब. खाली छापलेली किलोमीटरची रेघ मात्र नकाशाबरोबरच आक्रसते, त्यामुळे तिच्याशी दोरा लावून मोजलं तर उत्तर बरोबरच येतं. पीडीएफ प्रिंट करतानाही 'फिट टू पेज' (कागदात बसवायला आकार आपोआप बदलणारं सेटिंग) बरेचदा चालू राहिलेलं असतं, म्हणून मी आधी ती रेघच पट्टीने मोजून बघतो.