15 किलोचा डबा की 15 लिटरचा? हिशोब सांगा कुणीतरी

पंचवटीकरीण
नमस्कार मंडळी. आम्ही काही बायका मिळून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतो, सोयाबीन तेलाचा डबा घ्यायचाय. रविवार कारंज्याजवळ एका दुकानात 15 किलोचा डबा 2250 ला सांगितला, पुढच्या दुकानात 15 लिटरचा 2130 ला. सगळ्या जणी म्हणतायत सरळ 120 रुपये वाचतायत तर तोच घेऊ, पण मला काहीतरी गडबड वाटतेय. शिवाय चिवड्याचं तेल आमच्या वहीत मिलीमध्ये लिहिलंय आणि आता काटा आणलाय, तर ग्रॅम कसे काढायचे?

सिडकोवाला
अहो ताई लिटर काय न किलो काय, एकच. स्वस्त दिसतोय तो उचला.

तर्रीबाज
दादा, मिसळीत तर्री वर का येते मग? तेल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणूनच ना. पाण्याचा लिटर एक किलो भरतो, दुधाचा त्याहून थोडा जास्त, आणि खायच्या तेलाचा साधारण 910 ग्रॅम. सोयाबीन, शेंगदाणा, सूर्यफूल कुठलंही घ्या, पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे.

ताई, आता तुमचा हिशोब. 15 लिटर गुणिले 0.91 म्हणजे 13.65 किलो. 2130 ला 13.65 ने भागा, 156 रुपये किलो पडलं. दुसरा डबा 150 रुपये किलो. म्हणजे महाग दिसतोय तोच स्वस्त आहे, त्यात जवळपास साडेसोळा लिटर तेल येतं. दुकानदार खोटं काही बोलत नाही, फक्त 15 आकडा दोन्हीकडे सारखा असल्यामुळे आपण फसतो.

काट्यासाठी मिली गुणिले 0.91 करा. 250 मिली म्हणजे 227-228 ग्रॅम. उलटं करायचं तर भागायचं, पाव किलो तेल म्हणजे 275 मिली. 15 मिलीचा मोठा चमचा साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. वाटीचं मात्र मला विचारू नका, प्रत्येकीच्या घरची वाटी वेगळी असते आणि भांडणं तिथूनच सुरू होतात 😄

पंचवटीकरीण
बाई गं! थँक्यू. हे आमच्या ग्रुपवर टाकते आत्ताच.

गंगापूर_रोड
एक गोष्ट राहिली, तापमान. तेल गरम झालं की फुगतं, लिटर तोच पण वजन कमी. सोयाबीनचा लिटर 21 डिग्रीला 919 ग्रॅमच्या आसपास आणि 60 डिग्रीला 893 च्या. काही कंपन्या पाकिटावर लिटरच्या शेजारी 60 डिग्री वगैरे छापायच्या, म्हणजे वजन कमी भरलं तरी कागदावर बरोबर. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं की तापमान लिहायचं नाही, आणि लिटरसोबत वजनही बरोबर छापायचं. त्यामुळे पिशवी घेताना ग्रॅमचा आकडा बघत जा. लिटरच्या पिशवीसारखीच दिसणारी 850 ग्रॅमवाली पण असते, घाईत कळतही नाही.

सिडकोवाला
बरं बाबा मान्य. पण डबा काट्यावर ठेवला तर पत्र्याचं वजन पण येणार ना?

तर्रीबाज
येणारच की. म्हणून डब्यावर नेट वजन बघायचं, आणि खात्रीच करायची असेल तर तेल संपल्यावर रिकामा डबा काट्यावर ठेवून वजा करा. चिवड्याला मात्र तेल गार असतानाच मोजून घ्या, कढईतलं गरम तेल मापाने घेतलं तर तेवढ्याच मापात कमी तेल येतं.

निफाडकर
आमच्याकडे थंडीत खोबरेल दगड होतं, तेव्हा मापात घालायचं म्हटलं तरी जात नाही. सरळ काट्यावर काढायचं, किलोचा भाव विचारायचा, लिटरच्या नादी लागायचंच नाही.