सल्ला हवा: ख्रिस्ती अभ्यासक आणि सार्वजनिक जीवन, वाचनगटासाठी काय निवडू?

वाचनवेडी सोलापूर:
नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचा छोटा वाचनगट आहे. शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले काका, गृहिणी, विद्यापीठातली मुलं. घरात कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, पण वाचायचं मराठीत असं ठरलेलं. पुढच्या सत्रासाठी विषय निघाला तो ख्रिस्ती विद्वान आणि महाराष्ट्राचं सार्वजनिक जीवन. सगळ्यांना आवडला, पण यादी करायला बसलो आणि अडलो. स्टीफन्सचं 1616 चं ख्रिस्तपुराण आणि मोल्सवर्थचा 1831 चा मराठी-इंग्रजी कोश ही नावं लगेच आली. दोन्ही थोर, पण त्यांवर आमच्या गटात चर्चा फार वेळ चालणार नाही. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, छापखाने आणले, हेही शाळेपासून ऐकत आलोय.

मला हवंय ते असं. श्रद्धा बाळगणारा अभ्यासक चर्चच्या दाराबाहेर आला, सगळ्यांच्या प्रश्नांवर सगळ्यांना कळेल असं लिहिलं, आणि मग समाजाने त्याची परीक्षा घेतली. असं कुणाकुणाबाबत झालं? गटात ख्रिस्ती सदस्यही आहेत, वारकरीही आहेत. नुसतं कौतुक नको आणि नुसते आरोपही नकोत.

सीनाकाठ:
ताई, पंडिता रमाबाईंपासून सुरू करा, पण चरित्रापासून नको. त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' घ्या, 1889 चं. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि 1888 च्या अखेरीपर्यंत अमेरिकेतच राहिल्या. तिथली राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्मपंथ आणि त्यांची परोपकाराची कामं, स्त्रियांच्या संस्था, व्यापार असं सगळं त्यांनी मराठी वाचकासाठी मांडलं. बाप्तिस्मा आधीच, 1883 साली, झालेला. तरी पुस्तकात धर्मप्रचार शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागेल. हाती लागेल ती लोकशाही कशी चालते हे समजून घेण्याची तळमळ. कौतुक आहे, पण तिथल्या मूलनिवासींवर आणि काळ्या लोकांवर झालेल्या अन्यायाबद्दलही त्या लिहितात. तुम्ही म्हणताय तसा अभ्यास मला दुसरीकडे इतका नीट दिसलेला नाही.

परीक्षेचा भाग म्हणून याच्या जोडीला शारदासदनाचं, म्हणजे रमाबाईंनी विधवा मुलींसाठी काढलेल्या शाळेचं, प्रकरण वाचा. सदन 1889 ला मुंबईत निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. मुली ख्रिस्ती धर्माकडे वळताहेत यावरून वादळ उठलं आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दोन्ही बाजू शांतपणे मांडा. गट तिथे खरा बोलायला लागेल.

पंढरीचा_वारकरी:
रमाबाईंबद्दल सहमत. पण सोलापूर जिल्ह्यात बसून हा विषय घेताय आणि पंढरपूर वगळायचं? गी दलरी हे फ्रेंच जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या येशूसंघाचे सदस्य. विठोबा, देऊळ, पालख्या, दिंड्या यांवरचा त्यांचा ग्रंथ 1960 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. इंग्रजीत आहे, पण विद्यापीठातली मुलं एखादं प्रकरण वाचून सांगू शकतील. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी तर उतारवयात संतचरित्रकार महिपती आणि तुकोबा इंग्रजीत नेले. त्या कामात पंडित नरहर गोडबोले त्यांच्यासोबत होते, ते नाव गाळू नका. आमच्या घरात माळ आहे, वारी आहे. परक्या धर्माच्या माणसाने आपल्या संतांना इतका वेळ दिला याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

मात्र खंडनमंडनाचा काळ झाकू नका. मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माच्या बाजूने बोलणारे मोरभट दांडेकर यांचा 1831 चा वाद, 1857 मधले मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरचे विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांचे मिशनऱ्यांशी झालेले वाद हेही सार्वजनिक जीवनच. त्यात विद्वत्ता होती आणि दुखवणंही होतं. पण हजारो लोकांसमोर धर्मावर तर्काने बोलायची सवय त्यातूनही लागली, असं माझं मत.

निवृत्त_पाळक:
सगळं वाचलं. चांगलं चाललंय, पण अजूनपर्यंत चर्चच्या आतला प्रश्न कुणी काढला नाही, म्हणून लिहितो. अरविंद निर्मळ हे महाराष्ट्रातून गेलेले ईश्वरविज्ञानाचे, म्हणजे थिऑलॉजीचे, अभ्यासक. एप्रिल 1981 मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये त्यांनी शूद्रांच्या ईश्वरविज्ञानाबद्दल भाषण केलं आणि तिथून दलित ईश्वरविज्ञानाची वाट उघडली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. भारतातले बहुसंख्य ख्रिस्ती दलित समाजांतून आलेले, आणि आपलं ईश्वरविज्ञान मात्र ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी संवाद करण्यात गुंतलेलं. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात 'माझा पूर्वज भटका अरामी होता' अशी कबुली आहे, तिच्यावर उभं राहून ते म्हणाले की आपणही आपलं मूळ सांगितलं पाहिजे, लपवायचं नाही. मी मंडळीत अनेक वर्षं उपदेश केला. जातीवरून कुजबूज कुठे चालते ते मला माहीत आहे. ती चर्चमध्येही चालते.

यातला सार्वजनिक प्रश्न आजही उभा आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंनाच होता. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना नाही. 2022 मध्ये केंद्राने या प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. इथे प्रार्थना पुरत नाही. गावोगावची पाहणी, इतिहास, कायदा, आकडे असा अभ्यास लागतो, आणि तो न मानणाऱ्यालाही पटवता यावा लागतो. माझ्या मते सत्रातली एक बैठक यावरच ठेवा. वाद होईल, होऊ द्या.

धाराशिवकर:
पाळकसाहेब, तुमचं पटलं. माझी एक भर. जानेवारी 2020 मध्ये आमच्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादला, अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू अध्यक्ष का, म्हणून विरोध झाला होता. पाठीचं दुखणं असूनही ते आले आणि बोलले. 'सुबोध बायबल' या त्यांच्या कामाला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला. हेच गृहस्थ वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी हरित वसई संरक्षण समितीतून लढले. बायबलचा मराठी अनुवाद आणि विहिरी-बागा वाचवणं एकाच माणसाने केलं, ते दोन्ही बाजूंनी वाचा. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले.

वाचनवेडी सोलापूर:
सगळ्यांचे मनापासून आभार. रमाबाई आणि निर्मळ नक्की झाले. सीनाकाठ, रमाबाईंचं पुस्तक पूर्ण वाचणं सगळ्यांना जमणार नाही. पहिल्या बैठकीला कुठली प्रकरणं घेऊ? आणि पाळकसाहेब, निर्मळांचं मराठीत काही मिळतं का?

सीनाकाठ:
शिक्षणाचं आणि स्त्रियांच्या स्थितीचं. धर्मपंथांचं प्रकरण पाळकसाहेबांच्या बैठकीसाठी राखून ठेवा, तिथे ते जास्त उपयोगी पडेल.

निवृत्त_पाळक:
त्यांचा दलित ईश्वरविज्ञानावरचा मुख्य निबंध इंग्रजीत आहे. अडचण नाही, मी मराठीत टिपण करून देतो. तारीख ठरली की इथेच कळवा. टिपण देऊन मी थांबणार नाही, बैठकीला यायचीही इच्छा आहे. विरोधात बोलणारा कुणी असेल तर त्यालाही आवर्जून बोलवा.