कॅरिओटाइप नॉर्मल आला, तरी मायक्रोअरे कशासाठी?

प्रश्न (एक आई, नाशिकरोड)

नमस्कार. माझी मुलगी तीन वर्षांची आहे. तिच्या हृदयाला जन्मतः छिद्र होते, त्याची शस्त्रक्रिया झाली. तान्हेपणी कॅल्शियम कमी होऊन तिला आकडी आली होती आणि पाजलेले दूध नाकातून यायचे. आता ती बोलते, पण शब्द नाकातून उमटतात आणि घरच्यांखेरीज कोणाला कळत नाहीत. कॅरिओटाइपचा (सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे पाहण्याच्या तपासणीचा) अहवाल ४६,एक्सएक्स, म्हणजे नॉर्मल आला, तरीही डॉक्टरांनी मायक्रोअरे ही आणखी एक जनुकीय तपासणी सांगितली आहे. गुणसूत्रे ठीक आहेत असे लेखी मिळाल्यावर पुन्हा खर्च कशाला, असे सासरी विचारतात. शिवाय निदान होऊनही इलाज नसेल, तर हाती काय लागणार? कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, इंदिरानगर)

ही लक्षणे एकत्र पाहता २२क्यू११.२ डिलीशनची (२२व्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा नसण्याची) शंका रास्त आहे. अहवाल खोटा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली साधारणपणे ५० लाख ते १ कोटी बेसजोड्यांहून (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांहून) लहान तुकडा गळालेला ओळखू येत नाही, आणि या विकारात बहुतेकदा ३० लाखांच्या आसपासचाच तुकडा नसतो; एवढा लहान तुकडा गळालेला मायक्रोअरेत कळतो. पांडवलेण्यांच्या डोंगरावरून शहर दिसते, पण कोणाच्या भिंतीची वीट निखळली ते दिसत नाही, तसेच हे आहे.

गळालेला तुकडा परत बसवता येत नाही, हे खरे. मात्र निदानानंतर कॅल्शियम आणि ते सांभाळणाऱ्या मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथी वेळोवेळी पाहिले जातात (आजारपणात किंवा शस्त्रक्रियेच्या सुमारास कॅल्शियम पुन्हा घसरू शकते), मूत्रपिंडांची सोनोग्राफी होते, आणि जिवंत विषाणूंच्या लसी पुढे देण्याआधी प्रतिकारशक्ती तपासली जाते.

उत्तर (एक वडील, सिन्नर)

आमच्या मुलाला हेच निदान आहे. तो घोरतो म्हणून अ‍ॅडिनॉइड (नाकामागची गाठ) काढायचे ठरले होते, पण अहवाल पाहून कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आधी टाळू तपासली. टाळू आखूड असेल, तर बोलताना नाकाकडची वाट बंद व्हायला त्या गाठीचाच आधार असतो आणि ती काढल्यावर उच्चार आणखी बिघडू शकतात, असे त्यांनी समजावले. स्पीच थेरपीसाठी मात्र अहवालाची वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्यांच्याकडून जिल्हा स्तरावरील डीईआयसीसाठी (मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर हेरून उपचार करणाऱ्या केंद्रासाठी) चिठ्ठी घ्या.

पुन्हा प्रश्न (तीच आई)

आभारी आहे. दुसऱ्या मुलाचा विचार करावा का? दोष माझ्याकडूनच आला, असे घरात बोलले जाते.

उत्तर (जनुकीय समुपदेशक)

हे निदान झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ मुलांमध्ये हा बदल नव्याने घडलेला असतो; आई-वडिलांपैकी कोणातच तो नसतो. तरीही मुलीचे निदान पक्के झाले, तर दोघांनीही तपासणीसाठी रक्त द्यावे, कारण एकात तो सौम्य रूपात असू शकतो आणि तसे असल्यास प्रत्येक गर्भारपणात शक्यता ५० टक्के राहते. तो वडिलांकडूनही येऊ शकतो, हे सासरी स्पष्ट सांगा. मायक्रोअरेत दुसरेच काही, विशेषतः एका गुणसूत्राचा तुकडा कमी आणि दुसऱ्याचा जास्त असे निघाले, तर तुम्हा दोघांचा कॅरिओटाइप करावा लागेल, कारण तुमच्यापैकी एकात तुकड्यांची केवळ अदलाबदल झालेली असेल, तर ती मायक्रोअरेला दिसत नाही.