‘संगीत शारदा’: लग्न गोत्रावरच का मोडतं?

रंगपट: आमची हौशी मंडळी गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ नाटक बसवतायत, संहितेचं काम माझ्याकडे आहे. कोवळ्या शारदेचं म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लागणारं लग्न मांडवात मोडणाऱ्या कोदंडाचं काम करणारा मुलगा तालमीत अडून बसलाय. म्हणतो, "मी सुधारक, मग शारदा आणि भुजंगनाथ सगोत्र आहेत असलं सोवळं कारण मी का पुढे करू? कायदा का नाही दाखवायचा?" मला उत्तर देता आलं नाही. संमतिवयाचा कायदा १८९१ चा, नाटक १८९९ चं. काय वाचू?

जुनी_संहिता: मुलगा नेमक्या जागी अडलाय, त्याला शाबासकी द्या! १८९१ च्या कायद्याने लग्नाचं वय ठरवलंच नव्हतं. शरीरसंबंधासाठी मुलीचं वय १० वरून १२ केलं, बस. तेवढ्यावरूनही रान पेटलं, टिळकांनी ‘केसरी’तून कडाडून विरोध केला. लग्नाचं किमान वय आलं ते १९२९ च्या सारडा कायद्याने, मुलीसाठी १४. म्हणजे ‘अवघे पाऊणशे वयमान’ असलेला भुजंगनाथ कायद्याच्या दृष्टीने बिनदिक्कत बोहल्यावर चढू शकत होता.

सगोत्र विवाह मात्र शास्त्रालाही चालत नव्हता आणि कोर्टालाही. ती आडकाठी थेट १९४६ मध्ये कायद्याने निघाली. कोदंडाने वयाचा मुद्दा काढला असता तर मांडवात कुणी ढुंकून बघितलं नसतं. गोत्र म्हटल्यावर मात्र भटजीचेही हात थांबणार. देवलांची ही चाल मला फार जिव्हारी लागते. पोरीच्या रडण्याने न थांबलेलं लग्न गोत्राने थांबतं, हे प्रेक्षकाला दिसलंच पाहिजे.

रखमाबाईंचा खटलाही वाचाच. लहानपणी लागलेलं लग्न त्यांनी नाकारलं, नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला आणि १८८७ मध्ये कोर्टाने बजावलं, नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली.

रंगपट: आज तालमीत हे वाचून दाखवलं. आता कोदंड ते वाक्य भुजंगनाथावर न ओरडता भटजीकडे बघून, स्वच्छ म्हणणार आहे. आता अडलंय शारदेच्या आईचं, इंदिराकाकूंचं, काम करणारीचं. नवऱ्याने पैसे घेऊन ठरवलेल्या या लग्नात आईला नेमकी कशाची भीती वाटत असेल, हे तिला हवंय.

माजघर: वैधव्याची, दुसरं काय! जावई इतका म्हातारा, म्हणजे मुलीचं केशवपन आईला डोळ्यांसमोर दिसत असणार. आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र द्या तिला. त्या बालविधवा, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि कर्व्यांच्या गावाने, मुरुडने, दोघांना वाळीत टाकलं. नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा ही घटना जेमतेम सहा वर्षांची होती. त्यातली घरातली बोलणी तिने मोठ्याने वाचावीत, काकूंचा सूर सापडेल.