चोंदलेल्या नाकावर नेमका गुण कशाने येतो?

खानापूरहून प्रश्न:
सर्दी ओसरून तीन आठवडे झाले, तरी रात्री आडवे होताच माझे नाक चोंदते आणि तोंडाने श्वास घेऊन पहाटे घशाला कोरड पडते. दुकानातून आणलेले नाकात घालायचे थेंब पहिल्या रात्री पाच मिनिटांत लागू पडले. आता मात्र दोन-तीन तासांतच पुन्हा उशाशी बाटली चाचपावी लागते. सासूबाईंचा भर ओव्याच्या पुरचुंडीवर आणि वाफाऱ्यावर आहे. यांतले खरोखर काय उपयोगी पडते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निपाणीहून उत्तर:
तव्यावर भाजलेला ओवा फडक्यात बांधून हुंगला की बरे वाटते, हे खरे आहे. वाफाऱ्याबाबत मात्र जपावे. आमच्या नातवाच्या मांडीवर पातेले कलंडून फोड आले, तेव्हापासून घरात मुलांना वाफारा देणे आम्ही बंद केले.

टिळकवाडी, बेळगावहून उत्तर:
मी औषधविक्रेता आहे. नाक शेंबडापेक्षाही आतल्या अस्तरातील रक्तवाहिन्या फुगल्यामुळे अधिक चोंदते, म्हणून कितीही शिंकरले तरी ते मोकळे होत नाही, आणि आडवे झाल्यावर ही सूज वाढते. आपल्या थेंबांत बहुधा झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असावे. ते या रक्तवाहिन्या आकुंचित करते. पण सलग ३ ते ५ दिवसांहून अधिक वापरल्यास अंमल उतरताच अस्तर पुन्हा सुजते आणि औषधच दुखण्याचे कारण होऊन बसते. (बाटली देतानाच आपल्याला हे कोणीतरी सांगायला हवे होते.) ते सोडण्यासाठी आधी एका नाकपुडीत घालणे थांबवावे, ती मोकळी राहू लागली की दुसरीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने फ्लुटिकासोनसारखा स्टेरॉइडचा फवारा घेता येतो, परंतु त्याचा गुण यायला काही दिवस लागतात.

नीलगिरी आणि मेंथॉल यांनी वाट रुंद होत नाही, थंडाव्यामुळे ती मोकळी झाल्यासारखी वाटते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत असणारे फिनाइलएफ्रिन पोटातून घेतल्यास नाक मोकळे करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ साली काढला.

माझा कौल मिठाच्या पाण्याला आहे. अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक चमचा काठोकाठ न भरता, विरघळवावे आणि वाकून एका नाकपुडीतून सोडून दुसरीतून वाहू द्यावे. प्रमाण चुकले तर नाक झोंबते.

खानापूरहून पुन्हा:
बाटलीवर झायलोमेटाझोलिनच लिहिलेले आहे. आजपासून डाव्या नाकपुडीत घालणे थांबवते. आमच्या विहिरीचे पाणी गाळून घेतले तर चालेल का?

टिळकवाडीहून:
नुसते गाळून मुळीच नको. खळखळून उकळावे, झाकून कोमट होऊ द्यावे आणि मगच नाकात घालावे. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा सतत एकच नाकपुडी बंद राहून त्यातून रक्त आले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.